साहेबाचा उन्हाळा आणि आपला उन्हाळा

पोस्ट मोठी आहे. सवड काढून वाचा. पटलं नाही तर खाली खुशाल भांडा, पण पूर्ण वाचून भांडा.

एक साधा प्रश्न. महाराष्ट्राच्या राज्यपालांसाठी राजभवनं किती आहेत? गावात भरतीची तयारी करणाऱ्या पोरांना मी हा प्रश्न टाकला. सामान्य ज्ञानाची पुस्तकं पाठ असलेली पोरं आहेत ही. बहुतेकांनी सांगितलं एक, मुंबईचं. एकाने नागपूर धरून दोन सांगितली. खरं उत्तर चार. मुंबईत मलबार हिलच्या टोकावर समुद्राला लागून एक, पुण्यात गणेशखिंडीत एक, महाबळेश्वरला एक आणि नागपुरात सदरला एक.

एका पदाला चार घरं कशी झाली? नागपूरचं विदर्भासोबत महाराष्ट्रात आलं. बाकी तीन घरांचं कारण हवामान. इंग्रज गव्हर्नर थंडीत मुंबईला राहायचा, उन्हाळ्यात महाबळेश्वरला चढायचा आणि पावसाळ्यात पुण्याला उतरायचा. त्याच्या मागोमाग फायली, कारकून, शिपाई, घोडे, स्वयंपाकी, सगळं बिऱ्हाड हलायचं. साहेब गेला, ती बिऱ्हाडाची पद्धत गेली, घरं मात्र तशीच राहिली.

मी लिहितोय चिचगडहून. देवरी तालुका, गोंदिया जिल्हा, पलीकडे छत्तीसगड. इथून मुंबई जवळपास हजार किलोमीटर. आधी देवरी गाठा, मग गोंदिया, मग रात्रभर विदर्भ एक्सप्रेस. एवढ्या लांबून समुद्रकाठच्या बंगल्याची उठाठेव कशाला, असं कोणी म्हणेल. उठाठेव यासाठी की ते घर मलबार हिलवाल्यांचं जेवढं, तेवढंच आमचंही आहे. त्याच्या छपराचा खर्च ज्या तिजोरीतून होतो, तिच्यात आमच्या काडेपेटीवरचा करसुद्धा जातो.

आधी त्या बंगल्याची गोष्ट सांगतो, कारण ती फारशी कोणी सांगत नाही.

मलबार पॉइंटचं राजभवन सुरुवातीला गव्हर्नरचं मुख्य घर नव्हतंच. मुख्य घर आधी फोर्टात होतं, मग परळला. मलबार पॉइंटला होता तो हवा खायला जायचा बंगला. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन 1819 ते 1827 या काळात मुंबईचा गव्हर्नर होता. त्याने त्या टोकावर, तीन बाजूंनी समुद्र असलेल्या जागी, वाऱ्याला तोंड करून बंगला बांधला. पुढे आलेल्या सर जॉन माल्कमने तो वाढवला. मुंबई तापली की साहेबाने इथे येऊन बसायचं. 1880 च्या दशकाच्या सुरुवातीला गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन (पुण्याचं फर्ग्युसन कॉलेज यांच्याच नावाचं) यांची पत्नी कॉलऱ्याने वारली. परळ आता राहण्याजोगं नाही असं ठरलं, आणि 1885 पासून हा उन्हाळी बंगलाच गव्हर्नरचं कायमचं घर झाला. आज तिथे सुमारे 50 एकराचा परिसर आहे. मुंबईत, समुद्रावर, 50 एकर!

आणि बंगल्याच्या आधी तिथे काय होतं? लोक होते. मलबार पॉइंटच्या खडकात एक भेग होती, श्रीगुंडी म्हणत तिला. त्या फटीतून अंग चोरून पलीकडे निघालं की पाप धुतलं जातं अशी श्रद्धा होती. लांबलांबून माणसं त्यासाठी यायची. जुन्या कागदपत्रांत याची नोंद आहे. वाळकेश्वरचं देऊळ तिथून हाकेच्या अंतरावर. म्हणजे ज्या टोकावर साहेबाने कुंपण घातलं, ते टोक आधी येणाऱ्या-जाणाऱ्याचं होतं. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

महाबळेश्वरचंही तसंच. 1829 मध्ये माल्कमने साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांशी करार करून ती जागा घेतली आणि बदल्यात वाईकडचं खंडाळा गाव दिलं. बाजारपेठेला स्वतःचं नाव दिलं, माल्कम पेठ. तिथले रस्ते, बागा कोणी केल्या? बऱ्याच अंशी कैद्यांनी. चीन-मलायाकडचे शिक्षा झालेले कैदी इथे आणून ठेवले होते. बटाटे आणि विलायती भाज्या लावायचं काम त्यांच्याकडे होतं. आपण महाबळेश्वरला जाऊन स्ट्रॉबेरी-क्रीम खातो, पॉइंटांची इंग्रजी नावं वाचतो. त्या कैद्यांच्या नावाचा एकही पॉइंट नाही.

पुण्याचं गणेशखिंडीतलं घर तर खास पावसाळ्यासाठी. बार्टल फ्रिअर गव्हर्नर असताना 1864 मध्ये काम सुरू झालं, 1871 मध्ये संपलं. खर्च अंदाजाच्या इतका पलीकडे गेला की थेट ब्रिटिश पार्लमेंटात त्यावर बोंब झाली. याच घरात 22 जून 1897 च्या रात्री व्हिक्टोरिया राणीच्या राज्याच्या साठ वर्षांचा समारंभ होता. पुणं तेव्हा प्लेगने आणि प्लेगच्या नावाखाली चाललेल्या घरझडत्यांनी पिचलेलं. समारंभ संपवून परतणाऱ्या रँडवर चापेकर बंधूंनी गोळी झाडली ती याच गणेशखिंडीच्या रस्त्यावर. एकीकडे रोषणाई आणि दुसरीकडे माणसांनी भरलेले प्लेगचे कॅम्प, हे चित्र त्या रात्री सगळ्यांना दिसलं.

आता म्हणाल, ही सगळी मुंबई इलाख्याची कहाणी, आमच्या झाडीपट्टीचा काय संबंध? आमचा साहेब वेगळा होता, एवढाच फरक. आम्ही मध्य प्रांतात. राजधानी नागपूर, आणि उन्हाळा आला की सरकार पचमढीला. वऱ्हाडातल्या साहेबांना चिखलदरा. 1956 पर्यंत भंडारा जिल्हा (गोंदिया तेव्हा त्यातच होता, वेगळा झाला 1999 ला) मध्य प्रदेशातच होता. चिचगड ही त्या भंडारा जिल्ह्यातली जुनी जमीनदारी. म्हणजे इथल्या जंगलाचा आणि जमिनीचा पैसा जमीनदाराकडून सरकारात जायचा आणि सरकार मे महिन्यात पचमढीच्या डोंगरावर असायचं.

आमचा मे कसा असतो ते सांगायला नको. पारा 45 च्या आसपास. पहाटे अंधारात बाया-माणसं तेंदूपत्त्याला निघतात, ऊन चढायच्या आत परततात, मग दुपारभर ओसरीत बसून पुडके बांधतात. एका पुडक्यात 70 पानं. संध्याकाळी ते फळीवर नेऊन मोजून द्यायचे. त्याआधी मार्च-एप्रिलमध्ये मोहफूल. उन्हाळा हा साहेबासाठी पळून जायचा हंगाम होता, आमच्यासाठी वर्षाची मिळकत करायचा हंगाम आहे. हा फरक आजही मिटलेला नाही.

आणि साहेबाच्या मोठ्या बंगल्याची छोटी आवृत्ती गावोगाव होतीच. डाकबंगला, वनविश्रामगृह. उंच छप्पर, रुंद व्हरांडा, मागे खानसाम्याची खोली, बाजूला घोड्याचा तबेला. साहेब दौऱ्यावर आला की गावाने कोंबडी, दूध, लाकूड, पाणी पुरवायचं, सामान डोक्यावर वाहायचं. मोबदला मिळाला तर मिळाला. त्याला वेठबिगार म्हणत. आमच्याकडच्या म्हाताऱ्यांच्या तोंडी हा शब्द अजून आहे.

एवढं सांगून मी असं म्हणत नाही की ही घरं पाडा. अजिबात नाही. ती दगडी जोती, सागवानी खांब, वारा खेळता ठेवणारी बांधणी, हे सगळं आपल्याच गवंड्या-सुतारांच्या हातचं काम आहे. माझं म्हणणं एवढंच: ज्या घरात आता साहेब नाही, त्याचं दार लोकांसाठी उघडलंच पाहिजे. आणि जिथे जिथे ते उघडलं, तिथे तिथे भलंच झालेलं आहे. तीन उदाहरणं देतो.

परळचं घर. गव्हर्नरने सोडलं. पुढे मुंबईत प्लेग आला. वाल्डेमार हाफकिनने प्लेगची लस तयार केली आणि जानेवारी 1897 मध्ये पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली. 1899 मध्ये त्याची प्रयोगशाळा परळच्या त्या रिकाम्या बंगल्यात आली. आजची हाफकिन संस्था ती हीच. जिथे गव्हर्नरच्या मेजवान्या झडल्या, तिथे लाखो लोकांसाठी लस बनली.

गणेशखिंडीचं घर. स्वातंत्र्यानंतर 1949 मध्ये पुणे विद्यापीठ सुरू झालं आणि ही इमारत विद्यापीठाला मिळाली. पार्लमेंटात ज्याच्या उधळपट्टीवर बोंब झाली, ते घर आज सावित्रीबाई फुल्यांच्या नावाच्या विद्यापीठाची मुख्य इमारत आहे. राज्यपालांचं पुण्यातलं काम काही अडलं नाही, त्याच परिसरात त्यांच्यासाठी वेगळं राजभवन आहे.

तिसरं शिमल्याचं. 1888 मध्ये पूर्ण झालेलं व्हाइसरॉयचं उन्हाळी घर. स्वातंत्र्यानंतर ते राष्ट्रपतींकडे आलं. सर्वपल्ली राधाकृष्णन राष्ट्रपती होते, हाडाचे शिक्षक. ते म्हणाले असते, राहू द्या, उन्हाळ्यात येत जाईन, तर कोणी अडवलं असतं? त्यांनी ते घर अभ्यासकांना दिलं. 1965 पासून तिथे भारतीय उच्च अध्ययन संस्था चालते, आणि साधा पर्यटकही तिकीट काढून आत जातो.

आता मलबार पॉइंटकडे परत या. 2016 मध्ये तेव्हाचे राज्यपाल विद्यासागर राव यांच्या काळात राजभवनाच्या पोटात एक बंद बंकर सापडला. 13 खोल्यांचा! इंग्रजांनी दारूगोळा ठेवायला केलेला. विचार करा, देशातल्या सर्वात कडक बंदोबस्ताच्या जागांपैकी एक, आणि पायाखाली काय आहे हे तिथे राहणाऱ्यालाही कित्येक वर्षं माहीत नव्हतं. बंद दारांचं असंच होतं. 2019 मध्ये त्याची दुरुस्ती होऊन संग्रहालय झालं. जून 2022 मध्ये तिथे क्रांतिकारकांचं दालन उघडलं. वासुदेव बळवंत फडके, चापेकर बंधू, सावरकर बंधू, मादाम कामा. गव्हर्नरच्या तळघरात चापेकर! याहून मोठा न्याय काय असतो? हे काम चांगलं झालं आणि ते ज्यांनी केलं त्यांचं कौतुक केलंच पाहिजे. पक्ष कोणताही असो.

त्याच जून 2022 मध्ये 'जलभूषण' या राज्यपालांच्या नव्या निवासाचं उद्घाटन झालं. नवं यासाठी, की 1885 पासूनचं जुनं जलभूषण धोकादायक ठरलं, ते उतरवावं लागलं, आणि त्याच वळणाची नवी इमारत उभी करावी लागली. म्हणजे ज्या व्हिक्टोरियन बंगल्याला आपण वारसा वारसा म्हणतो, तो मूळ बंगला आता नाही. सव्वाशेहून जास्त वर्षं तो उभा होता आणि महाराष्ट्रातल्या फार थोड्या माणसांनी त्याच्या व्हरांड्यात पाय ठेवला. आमच्या भागातल्या कोणी ठेवला असेल असं मला वाटत नाही. आता ठेवता येणारही नाही.

हे मला लागतं ते यासाठी, की छोट्या बंगल्यांचं तेच चाललंय.

मागे आम्ही काही जण अर्ज घेऊन एका सरकारी खात्याच्या कार्यालयात गेलो होतो. खातं कोणतं ते सांगत नाही, मुद्दा एका खात्याचा नाही. आमच्या पट्ट्यातल्या एका जुन्या विश्रामगृहाच्या मागच्या दोन खोल्या वापराविना पडून आहेत. तिथे अभ्यासिका करू द्या, एवढीच मागणी. पोलीस भरती, वनरक्षक, तलाठी, जी निघेल ती परीक्षा देणारी पोरं-पोरी इथे आहेत. घर एका खोलीचं, त्यात म्हातारी खोकते, लहान भाऊ रडतो, पत्रे तापलेले. वाचायचं कुठे? टेबल-खुर्च्या आम्ही वर्गणी काढून आणू, लाइट बिल आम्ही भरू, झाडू आम्ही मारू, असं लिहून दिलं. उत्तर काय मिळालं? "साहेब लोक आले तर?"

त्या उन्हाळ्यात मी मुद्दाम लक्ष ठेवलं. मी गेलो तेव्हा तेव्हा चौकीदार अंगण झाडताना दिसला. साहेब लोक काही दिसले नाहीत. चौकीदारालाही वाईट वाटायचं. म्हणायचा, "भाऊ, मी तर आताच कुलूप काढून देतो जी, पण माझी नोकरी जाईल ना." त्याचं काय चुकलं? तो न आलेल्या साहेबासाठी झाडतोय. आणि पोरं नदीच्या पुलाखाली सावलीत बसून चालू घडामोडी पाठ करतायत.

आता याच्या विरोधात काय बोललं जातं ते पाहू.

पहिलं, सुरक्षा. राज्यपालांच्या घरात कोणालाही सोडता येत नाही. बरोबर आहे. पण राष्ट्रपतींच्या घरापेक्षा तर राज्यपालांचं घर नाजूक नाही ना? हैदराबादचं राष्ट्रपती निलयम आणि शिमल्याजवळचं मशोब्राचं उन्हाळी निवासस्थान, दोन्ही 2023 पासून लोकांसाठी खुली झाली. राष्ट्रपती मुक्कामाला असल्या की बंद, एरवी चालू. नावनोंदणी, ओळखपत्र, तपासणी, सगळं करा. आम्ही कुठे नाही म्हणतो?

दुसरं, वारसा जपायचा तर गर्दी नको. हाही मुद्दा खोटा नाही. पण रिकामं घर जास्त लवकर मरतं, हे खेड्यातलं शेंबडं पोरही सांगेल. ज्या घरात चूल पेटत नाही त्याला वाळवी आधी लागते. माणसं ये-जा करतात तिथे गळकं कौल लवकर दिसतं आणि लवकर बदललं जातं.

तिसरं मला सगळ्यात जास्त ऐकवलं जातं: "तुमच्याकडे रस्ते नाहीत, डॉक्टर नाहीत, आणि तुम्हाला बंगले बघायचेत?" रस्ता आणि डॉक्टर पाहिजेतच, त्यासाठी आम्ही भांडतोच. पण आश्रमशाळेतल्या पोराने फक्त रस्ता आणि दवाखाना एवढंच मागायचं, समुद्र, इतिहास, उंच छताची वाचनखोली हे सगळं दुसऱ्यांच्या पोरांनी मागायचं, ही वाटणी कोणी केली?

आणि राज्यपालांकडेच का मागायचं? कारण संविधानाच्या कलम 371(2) मध्ये विदर्भाच्या आणि मराठवाड्याच्या विकासाची विशेष जबाबदारी राज्यपालांकडे देण्याची तरतूद आहे. त्यातूनच 1994 मध्ये वैधानिक विकास मंडळं आली. 30 एप्रिल 2020 ला त्यांची मुदत संपली, हा वेगळ्या पोस्टचा विषय. सांगायचं एवढंच, की अनुशेषाचा हिशेब ज्या पदाने ठेवायचा, त्या पदाच्या घरातून सुरुवात झाली तर ती शोभूनच दिसेल.

माझ्या मागण्या मोजून चार. फार मोठा खर्च एकीलाही नाही.

1. महाबळेश्वरचं राजभवन, राज्यपाल मुक्कामाला नसतील ते दिवस, तिकीट लावून लोकांसाठी नियमित खुलं ठेवा. मशोब्राचा नमुना समोर आहे, नवं काही शोधायचं नाही.

2. मलबार पॉइंटचा बंकर आणि परिसर बघण्याच्या नोंदणीत काही जागा दर महिन्याला दूरच्या आश्रमशाळांसाठी राखून ठेवा. गोंदिया, गडचिरोली, नंदुरबार, मेळघाट. शिवाय एका रात्रीची मुक्कामाची सोय करा, कारण आमची पोरं सकाळी निघून संध्याकाळी घरी पोचणारी नाहीत. ज्या खडकावरून कधीकाळी कोणीही जाऊ शकत होतं, तिथे आमच्या पोरीने उभं राहून पहिल्यांदा समुद्र बघावा.

3. प्रत्येक सरकारी विश्रामगृहाबाहेर फळा लावा: मागच्या वर्षी किती रात्री वापर झाला. जिथे वापर नावापुरता, तिथल्या मागच्या खोल्या ग्रामसभेच्या ठरावावर अभ्यासिकेला द्या. साहेब आलेच तर पोरं दोन दिवस बाहेर बसतील. त्यांना सवय आहे.

4. या घरांच्या माहितीफलकावर फक्त गव्हर्नरांची यादी नको. महाबळेश्वरला कैद्यांचा उल्लेख असू द्या, डाकबंगल्यावर वेठबिगारीचा. बांधणाऱ्याचं आणि ओझं वाहणाऱ्याचं नाव सापडत नसेल तर निदान तो होता एवढं तरी लिहा.

अभ्यासिकेचा आमचा अर्ज आम्ही या महिन्यात पुन्हा देणार आहोत, यावेळी ग्रामसभेचा ठराव जोडून. देवरी तालुक्यातले जे कोणी हे वाचत असतील त्यांनी ग्रामसभेला या, नुसतं लाइक करून थांबू नका. बाकीच्या जिल्ह्यातल्यांनी आपापल्या गावचं विश्रामगृह एकदा जाऊन बघा आणि त्याची शेवटची उघडलेली तारीख चौकीदाराला विचारा. उत्तर काय मिळालं ते खाली लिहा. शंभर गावांची उत्तरं जमली की ती यादी घेऊन आपण सदरच्या राजभवनात जाऊ. ते आपल्याला सगळ्यात जवळचं आहे.

पटलं असेल तर शेअर करा, कॉपी-पेस्ट केलं तरी हरकत नाही.